वाचा, मग सही करा
(मांजरसुंबा येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आपल्या चौकातून बीड, केज, पाटोदा, चौसाळा अशा चारी बाजूंना रस्ते जातात. पण जातीवरून ज्याचा अपमान झाला, त्याला कुठं जावं हेच कळत नाही. ते आज सांगतो.

समजा, नळावर एका बाईची घागर जातीवरून बाजूला सारली. चारचौघांत शिवीही दिली. शेजारी म्हणतात, "जाऊ दे, गावात राहायचं हाय." मंडळी, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.

१९५० साली आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. पुढं १९८९ साली अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा कायदा झाला. लोक त्याला अ‍ॅट्रॉसिटी कायदा म्हणतात. जातीवरून पाणी अडवणं, चारचौघांत अपमान करणं, किराणा-दळण तोडून वाळीत टाकणं, हे सारे गुन्हे आहेत.

मग करायचं काय? सोबत कुणाला घेऊन पोलीस ठाण्यात जा. केव्हा, कुठं, कोण काय बोललं, कुणी पाहिलं, ते सगळं सांगा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. फिर्याद लिहून झाली की वाचून घ्या. आता तुम्हाला वाचता येतं. काही राहिलं असेल तर लिहायला सांगा. मगच सही करा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती जपून ठेवा.

फिर्याद घेतलीच नाही, तर? तोच मजकूर लिहून बीडला पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. पावती ठेवा. १४५६६ या नंबरवर फोन करूनही तक्रार सांगता येते. या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून मोठा अधिकारीच करतो.

खर्चाला भिऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं. साक्षीला जायचा प्रवासखर्च मिळतो. नियमात बसेल ती मदत समाजकल्याण खात्याकडून मिळते.

आणि ज्यांनी पाहिलं, त्यांना माझं सांगणं आहे. मान खाली घालून निघून जाऊ नका. त्या बाईबरोबर ठाण्यात चला. जे पाहिलं तेवढंच सांगा, पण सांगा. तिला मोठा आधार तुमचाच आहे.