माडीवरची जमीन



पुण्याच्या पेठांत, वाईत, नाशिकच्या जुन्या गावठाणात अजून काही वाडे उभे आहेत आणि त्यांत माणसं राहतात. माडीवरच्या झोपायच्या खोलीत पलंगाशेजारी पाय टाकला की जमीन दबते, कपाट डुगडुगतं, खालच्या खोलीत अंथरुणावर बारीक माती गळते. मग घरात विषय निघतो: जमीन बदलायची, पण घालायचं काय?

त्याआधी आहे ते काय, ते पाहू. माडीची जमीन म्हणजे कडीपाट. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, आणि त्यावर सारवण किंवा मागाहून बसवलेली शहाबादी. मातीचा थर चार इंचांचा धरला, तर दहा बाय बाराच्या खोलीत पावणेदोन ते दोन टन माती भरते. घरातली माणसं आणि सामान यांच्यासाठी आपल्या मानकांत चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात. म्हणजे कुणी पाऊल टाकण्याआधीच तुळयांवर जवळपास तेवढंच ओझं आहे.

गवंडी सांगतो, माती काढा, जाळी टाका, तीन इंच कोबा करून देतो. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. तीन इंच काँक्रीटचं वजन त्या मातीएवढंच भरतं, आणि ओतताना त्यातलं पाणी जुन्या लाकडात मुरतं ते वेगळंच.

त्यापेक्षा प्लायवूड. 19 मिलीमीटरचं प्लायवूड चौरस मीटरला तेरा-चौदा किलो, सगळ्या खोलीचं मिळून दीडशेच्या आसपास. मात्र दुकानात नुसतं ‘चांगलं प्लाय’ मागू नका. एमआर दर्जाचं प्लाय दमट हवा सोसतं, पाणी नाही. बीडब्ल्यूपी घ्या, त्यावर आयएस 710 हा शिक्का पाहा. ते 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटू नयेत अशी अट असते. बेडरूममध्ये कुठलं आलंय पाणी, असं वाटेल. पण वर कौलं आहेत, आणि श्रावणात एखादं सरकलं की पाणी थेट याच जमिनीवर! पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो; भिजला की फुगतो. त्याचा विचार नको. सिमेंट बोर्डाला ना वाळवी लागते ना पाणी, पण तो वजनाला जड आणि स्वभावाने ठिसूळ. खालचे आधार एकमेकांच्या जवळ नसतील तर तडकतो.

आता त्या मातीबद्दल दोन चांगले शब्द. ती आवाज गिळत होती. ती गेली की वर कुणी टाच टेकली तरी खाली झोपलेल्या आजी दचकून उठतात. म्हणून जुने सागवानी पाट धड असतील तर तसेच राहू द्या. खालच्या खोलीचं छत तेच आहे. त्यांवर कड्यांच्या रेषेत दोन इंची पट्ट्या, मध्ये रॉकवूल, आणि वर प्लाय. माती काढल्यामुळे उंची मिळालेलीच असते, त्यामुळे उंबरठ्याशी गणित बिघडत नाही. प्लायच्या तक्त्यांचे सांधे पट्टीवरच यावेत, दोन तक्त्यांत तीन मिलीमीटर फट असावी, आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत. खिळा काही वर्षांनी सैल होतो आणि चालताना करकरतो.

खरेदीला जाण्याआधी मात्र खालून टेके देऊन माती उतरवा आणि भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं टोच्याने तपासा. भिंतीतली ओल तिथेच लागते, कुजायला सुरुवातही बहुधा तिथूनच होते. टोच्या सहज आत गेला, तर प्लायचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि वाड्यांची कामं केलेल्या इंजिनिअरला बोलवा. टोकं घट्ट निघाली, तरी नव्या जमिनीत भिंतीलगतचा एक तुकडा सुटा, चार स्क्रूंवर ठेवायला सुताराला सांगा. दर उन्हाळ्यात तो उघडून तुळईचं टोक बघता येतं.