डोळ्याला डोळा लागत नाही?

गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज सगळं बोलून होतं, आणि उठता उठता कुणीतरी हळूच म्हणते, "ताई, रात्रभर डोळा लागत नाही." एखाद्या रात्रीचं सोडा. पण आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं, तर तो निद्रानाश. अंगावर काढू नका. शेजारणीची गोळी तर मुळीच नको.

समुपदेशक आधी पंधरा दिवसांची नोंद ठेवायला लावतात : कधी आडवी झाले, कधी उठले. मग सांगतात, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका! वीसेक मिनिटांनी उठा, मंद उजेडात लसूण सोलत बसा, डोळे जड झाले की परत या. नाहीतर अंथरूण म्हणजे काळजीची जागा, असं मनाला वळण लागतं. एका खोलीच्या घरात जायचं कुठे, असं एकीनं विचारलं. उंबऱ्याशी बसायचं, बाई. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ तीच. पहिले काही दिवस जड जातात. फरक पडायला चार-सहा आठवडे लागतात.

मन उदास राहत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे. गावातून टेलीमानसला फोन लावा : १४४१६. मोफत आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.