पहिल्या तपासणीच्या आधीचे वजन



गरोदर बाईचे वजन तपासणीच्या कार्डावर पहिल्यांदा चढते ते दिवस राहिल्यावर, पुष्कळदा तिसरा महिना उलटल्यावर. बाळाच्या वजनाचा मोठा भाग मात्र त्याआधीच ठरू लागलेला असतो, आणि आईच्या त्या वेळच्या वजनाची नोंद आपल्याकडे नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत ती ठेवली. गर्भधारणेपूर्वी तिथल्या बायकांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि पूर्ण दिवसांच्या बाळांचे २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. फरक नुसता ग्रॅमांचा नव्हता. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होत असावी, अशी याज्ञिकांची मांडणी आहे.

हे सगळे आनुवंशिक, असे कोणी म्हणेल. पण वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी १९३८ साली दांडग्या शायर आणि ठेंगण्या शेटलंड घोड्यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. आनुवंशिक वारसा सारखाच, तरी शायर घोडीचे शिंगरू मोठे आणि शेटलंडचे लहान जन्मले. दान केलेल्या स्त्रीबीजातून झालेल्या मुलांतही जन्मवजन बीज देणारीपेक्षा गर्भ वाढवणारीच्या वजनाशी जुळले. आईची उंची आता बदलणार नाही. वजन बदलू शकते.

याहून कठीण आक्षेप मुंबईतून येतो. तिथल्या वस्त्यांत २००६ पासून काही वर्षे बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. अंगाने भरलेल्या बायकांच्या बाळांचे वजन शंभरेक ग्रॅमनी वाढले. सर्वांत कृश बायकांच्या बाळांत अशी वाढ दिसली नाही. मग आहार देऊन उपयोग काय? मला यातून उलट अर्थ दिसतो. वर्षानुवर्षांची झीज काही महिन्यांच्या खाऊने भरत नाही. भरपाई किशोरवयातच सुरू व्हायला हवी, आणि मुलीच्या स्वतःच्या अंगासाठी. ती पुढे आई होवो वा न होवो. शासनाची मातृवंदना योजना चांगली आहे, पण तीही गरोदरपणाच्या नोंदणीनंतरच सुरू होते.

म्हणून सर्वांनाच वजन वाढवा म्हणायचे का? मुळीच नाही. नवी मुंबईतल्या खारघरमध्ये तर दोन्ही टोके शेजारी आहेत: टेकडीवर फणसवाडी, चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे, खाली सिडकोने वसवलेल्या नगरातले उंच मनोरे. आईचे वजन फार असेल तर गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि अवाजवी मोठे बाळ यांचा धोका वाढतो. पोट भरून खाल्ले तर बाळ मोठे होईल, बाळंतपण अडेल, या धास्तीने हात आखडणाऱ्या कृश सुनेला आणि मनोऱ्यातल्या स्थूल तरुणीला एकच सल्ला देणे हा अन्याय आहे. कोणाला काय सांगायचे हे आधी मोजल्याशिवाय कळणार नाही.

आशाताई जननक्षम जोडप्यांची नोंद आजही ठेवतात, पण तिचा उपयोग मुख्यतः कुटुंबनियोजनासाठी होतो. त्या वहीत प्रत्येक बाईची उंची आणि वजन हे दोन रकाने वाढवावेत, दर सहा महिन्यांनी भरावेत, आणि कृश वा स्थूल आढळलेल्या बाईला दिवस राहण्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात बोलवावे, असा ठराव या परिषदेने करावा.