दोन मसुदे, दोन नकार

ऑक्टोबर २०१९. चिलीची राजधानी सांतियागो इथे मेट्रोचं भाडं तीस पेसोंनी वाढलं आणि शहर पेटलं. राग फक्त तिकिटाचा नव्हता. महागडं शिक्षण, तुटपुंजी पेन्शन आणि हुकूमशहा पिनोशे यांच्या काळातली, १९८० ची राज्यघटना, सगळ्यांवरच तो निघाला.

वर्षभरात सार्वमत झालं. ७८ टक्के मतदारांनी नव्या घटनेच्या बाजूने कौल दिला. १५५ जणांची घटना परिषद बसली. तिच्यात स्त्री-पुरुष जवळपास निम्मे-निम्मे, मूलनिवासींसाठी १७ जागा आणि पहिल्या अध्यक्ष मापुचे समाजातल्या भाषातज्ज्ञ एलिसा लोंकोन. मसुदा तयार झाला तब्बल ३८८ कलमांचा.

इथे वाद रंगला. मूलनिवासींना देशाच्या चौकटीतच राष्ट्रांचा दर्जा, सिनेट रद्द, गर्भपाताचा हक्क... समर्थकांना हा न्याय वाटला, विरोधकांना देशाची फाळणी. अफवाही भरपूर पिकल्या. पण मसुद्याच्या पराभवाचं सारं खापर त्यांच्यावर फोडणं सोयीचंच. पहिल्या सार्वमतात मतदान ऐच्छिक होतं, ४ सप्टेंबर २०२२ ला मसुद्यावरच्या सार्वमतात सक्तीचं. सुमारे ६२ टक्क्यांनी मसुदा फेटाळला.

मग उजव्यांचं वर्चस्व असलेल्या नव्या परिषदेने दुसरा मसुदा आणला. डिसेंबर २०२३ मध्ये तोही पडला. अनेकदा दुरुस्त झालेली १९८० चीच घटना कायम राहिली.