नदीचा पालक कोण?

(वर्ध्यातल्या सभेत केलेलं भाषण)

मी मुंबईच्या गोदीत गोण्या वाहतो. शिक्षण मॅट्रिक. पण पोहायला धाम नदीत शिकलो, म्हणून बोलतो.

२० मार्च २०१७ ला उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला कायद्यानं जिवंत व्यक्ती ठरवलं. तारीख बघा! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. मागनं सवर्णांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केलं. जनावराचं मूत चाललं, आपली ओंजळ नाही.

आता व्यक्ती झालेल्या नदीच्या वतीनं बोलणार कोण? कोर्टानं पालक नेमले: नमामि गंगेचे डायरेक्टर, मुख्य सचिव, अॅडव्होकेट जनरल. पाण्यात उभा राहणारा एकही नाही. राज्य सरकारलाच घाम फुटला. पूर आला तर भरपाई कुणाकडं मागायची? ७ जुलै २०१७ ला सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली.

असले पालक आपण भोगलेत. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेला. आपला माणूस निवडताना शेवटचं मत सगळ्या गावाचं. सेवाग्राम हाकेवर आहे, तरी बोलतो.

नदीला हक्क द्या, माझी ना नाही. पण धामची वकिली करायची तर पवनारला धुणं धुणारी बाई, जाळं टाकणारा भोई, ह्यांना आधी विचारा. वकीलपत्रावर सही असो नाहीतर अंगठा, तो त्यांचाच पाहिजे.