दुकान उघडण्यापूर्वी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की काही पालक हमखास मला भेटतात आणि म्हणतात, "सर, नोकरीचं काही खरं नाही. पोराला एखादं दुकान टाकून द्यावं म्हणतो." हा विचार मुळीच चुकीचा नाही. धंद्यात कमीपणा नाही. परंतु दुकान टाकून देता येते, धंदा टाकून देता येत नाही. तो शिकावा लागतो आणि त्याची आखणी करावी लागते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. 2011 साली मी बी.ए. झालो. अब्बांनी आखाती देशात 19 वर्षे राबून जमविलेल्या पुंजीतून मला एका शाळेसमोर वह्या-पुस्तकांचे दुकान काढून दिले. गाळ्याची अनामत, फर्निचर आणि रंगीत पाटी यांतच निम्मी रक्कम संपली. जूनमध्ये गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि मला वाटले, जमले! दिवाळीनंतर दिवसाला चार पेनही खपेनात. ओळखीचे लोक उधारीवर माल नेत. गल्ल्यातले पैसे मी घरी देई आणि तोच नफा समजे. शेवटी घाऊक व्यापाऱ्याने माल देणे थांबविले. सव्वा वर्षात पाटी उतरली. अब्बा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. पण पुन्हा आखातात जाण्यासाठी त्यांनी पासपोर्ट बाहेर काढला, तो दिवस मी विसरलेलो नाही.

मित्रहो, यात नशिबाचा दोष नव्हता. दोष होता तो न मांडलेल्या हिशेबाचा. तो हिशेब आज आपण मांडू.

पहिली गोष्ट, महिन्याचा खर्च. समजा, भाडे 4,000 रुपये, वीज व किरकोळ खर्च 1,000 आणि स्वतःची मजुरी 10,000, एकूण 15,000. मालावर रुपयामागे 20 पैसे सुटतात असे धरले, तर हा खर्च भागण्यासाठी महिन्याला 75,000 रुपयांची विक्री व्हायला हवी. दुकान 25 दिवस उघडे राहिले, तर रोजची 3,000. एवढे गिऱ्हाईक तिथे आहे काय? हे कळण्यासाठी दुकान काढावे लागत नाही. तशाच एखाद्या दुकानाजवळ आठवडाभर सकाळ-संध्याकाळ थांबा आणि माणसे मोजा. कोणते महिने तेजीचे नि कोणते मंदीचे, तेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट, भांडवलाची वाटणी. सगळी रक्कम जागा आणि सजावटीत घालू नका. एक भाग जागेला व सामानाला, दुसरा मालाला, आणि तिसरा निदान सहा महिन्यांच्या खर्चासाठी राखून ठेवा. वरच्या उदाहरणात हा तिसरा भागच 90,000 रुपयांचा होतो.

तिसरी गोष्ट, उमेदवारी. गॅरेज काढायचे असेल तर आधी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये सहा महिने हात काळे करा. ग्रामीण भागातील तरुणांसाठी बँका जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवितात. तेथे शिकणे, राहणे, जेवणे मोफत असते. शिवणकाम किंवा मसाल्याचा धंदा करू इच्छिणाऱ्या मुलींनीही तेथे चौकशी करावी.

चौथी गोष्ट, कागदपत्रे. गाळ्याचा करार तोंडी नको, लेखी करा. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी पूर्णपणे निःशुल्क आहे. त्यासाठी कोणा दलालाला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर घरच्या स्वयंपाकघरातून विकले तरी अन्न परवान्याची नोंदणी लागते. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत छोट्या धंद्याला तारणाशिवाय कर्ज मिळते. पहिल्या, 'शिशु' गटाची मर्यादा 50,000 रुपये आहे. पण कर्ज म्हणजे बक्षीस नव्हे. त्याचा हप्ता महिन्याच्या खर्चात धरून विक्रीचा आकडा पुन्हा काढा.

आणि धंद्याचा पैसा व घरचा पैसा पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. घरी द्यायची ती फक्त आपली ठरलेली मजुरी. उधारी द्यावीच लागली तर किती आणि किती दिवसांची, हे आधी ठरवा. नात्यातल्या माणसालाही तोच नियम लावा.

पालकहो, शेवटी तुम्हाला एक विनंती. मुलाच्या हाती रक्कम देण्यापूर्वी एक कोरी वही द्या. आज सांगितलेले हिशेब त्याला तीन महिने फिरून, विचारून, मोजून तिच्यात लिहू द्या. वही भरली तर पुढे बोला. भरली नाही, तर तुमची पुंजी तुमच्यापाशी शाबूत आहे.

मी ती वही पाटी उतरल्यावर लिहिली. तुमच्या मुलांनी ती आधी लिहावी, एवढेच माझे मागणे आहे.