मधमाशीपालनाचे व्हिडिओ : पाहावेत कसे, पाठवावेत कसे

(मधमाशीपालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पूर्वी मधमाशीपालन शिकायचे म्हणजे महाबळेश्वर किंवा पुणे गाठावे लागे. तेथील प्रशिक्षणाचे मोल आजही कमी झालेले नाही. पण आता मोबाईलवर या विषयाचे असंख्य व्हिडिओ घरबसल्या पाहावयास मिळतात. ते जरूर पाहावेत. मात्र पाहिल्याबरोबर पेटी उघडावयास धावू नये.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका परदेशी व्हिडिओत पालक दर आठवड्याला पेटी उघडून एकेक चौकट सावकाश तपासत होता. मी भर पावसाळ्यात माझ्या सातेरीच्या पेटीवर तेच सुरू केले. बाहेर फुलोरा नाही, आत मध नाही आणि वरून माझी ढवळाढवळ. तिसऱ्या आठवड्यात पेटी उघडली तर रिकामी! माश्या उडून गेल्या होत्या. दोष व्हिडिओचा नव्हता. त्यातील माशी मेलिफेरा होती आणि माझी सातेरी, हे मी पाहिलेच नव्हते.

मेलिफेरा आकाराने मोठी. तिच्यासाठी पेटी मोठी लागते. सातेरी लहान. तिची पेटी लहान आणि दोन पोळ्यांमधील अंतरही कमी. उपासमार, मेणकिडा किंवा वरचेवर त्रास झाला की ती चटकन घर सोडते. व्हरोआ कोळ्याचा उपद्रव मेलिफेराला फार होतो. सातेरी मात्र अंगावरचे कोळी बऱ्याच अंशी स्वतःच काढून टाकते. तेव्हा मेलिफेराच्या व्हिडिओतील कोळीनाशक सातेरीच्या पेटीत ठेवणे म्हणजे दुखणे एकाचे नि औषध दुसऱ्याला!

हंगामाचेही तसेच. युरोपात एप्रिल-मे महिन्यांत वसंत असतो, तर ऑस्ट्रेलियात सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. थंड देशांत हिवाळ्यासाठी पेट्या गुंडाळतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सावली व पाणी आणि पावसाळ्यात साखरेचा पाक, ही खरी निकड असते.

व्हिडिओ शोधताना नुसते ‘मधमाशी’ असे न लिहिता ‘सातेरी’ किंवा तिचे शास्त्रीय नाव ‘एपिस सेराना’ लिहावे. केरळ व कर्नाटकातील पालकही हीच माशी पाळतात. त्यांची भाषा कळली नाही तरी हाताचे काम पाहून पुष्कळ समजते. पाहताना माशी कोणती, प्रदेश कोणता आणि महिना कोणता, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर प्रयोग करू नये. औषधाची मात्रा तर व्हिडिओवरून कधीच ठरवू नये; तज्ज्ञांना विचारावे.

आता पाठविण्याविषयी. आपल्या गटात व्हिडिओ पाठविताना तुकडा न पाठविता मूळ दुवा पाठवावा, म्हणजे पुढचा-मागचा संदर्भ कळतो. स्वतः चित्रण करीत असाल, तर आरंभीच माशी, तालुका, महिना व फुलोरा सांगावा. चित्रणासाठी पोळे उन्हात फार वेळ धरू नये. तोंडावर जाळी असावी, कारण पाहणारा नवखा तुमचेच अनुकरण करणार आहे. पेट्यांची नेमकी जागा मात्र दाखवू नये; पेट्या चोरीस जातात.

शेवटी एक विनंती. यशाचे व्हिडिओ सगळेच पाठवितात. एखादी वसाहत का गेली, हेही सांगा. माझी पेटी गेली, तशी तुमची जाऊ नये, म्हणूनच मी आज हे बोललो.